डाव्या हाताचा चुडा

"डावा नको काकी, उजव्याचं माप घ्या," असं मालन म्हणेपर्यंत मी तिचा डावा हात ओढून मांडीवर घेतलाही होता. घेतला तसा सोडून दिला. मनगटाजवळ कातडीखाली काहीतरी भणभणत होतं, डबीत भुंगा कोंडल्यासारखं.

"अगं बया! काय गं हे?"

"हळू बोला की." तिनं मागं वळून गल्लीकडं बघितलं. तासगावातली आमची कासार गल्ली, भर दुपारची वेळ, रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. तरी तिनं पदर ओढून हात झाकला.

मालन जगदाळे बोरगावची. तिच्या लग्नाचा चुडा माझ्या सासूनं भरला होता आणि मी नवी सून म्हणून शेजारी बसून दोरीतनं बांगड्या सोडून देत होते. तेव्हापासून संक्रांत असो, नागपंचमी असो, ती माझ्याकडंच हात पुढं करायची. आता तिची धनश्री लग्नाची झाली, शुक्रवारचा मुहूर्त धरला, म्हणून चुड्याची वर्दी द्यायला आली होती. मला माणसं तोंडानं कमी आणि हातानं जास्त ओळखू येतात. तीस वर्षं दुसरं केलंय काय? पण गेली दोन वर्षं मालन माझ्याकडं फिरकली नव्हती, आणि आज आली ती वैशाखाच्या उन्हात लांब बाह्यांचं पोलकं घालून.

"सांग," मी म्हटलं. "सांगितल्याशिवाय मी माप घेणार नाही."

मग तिनं सांगितलं. तिच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातनं दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, पहाटेच्या एसटीनं ती मिरजेच्या दवाखान्यात जायची. चार तास मशीनला पडून राहायचं. मशीन अंगातलं रक्त ओढून घेतं, धुतं आणि परत सोडतं. त्याला रक्त भराभरा लागतं, साधी शीर पुरत नाही, म्हणून डॉक्टरांनी मनगटात एक धमनी शिरेला नेऊन जोडली होती. तिथनं रक्त जोरात धावायचं, त्याची ती भणभण.

"दुखतं का गं?"

"न्हाई. उलट बरं वाटतं. हात कानाखाली घिऊन निजते मी. वाजतंय तवर मालन हाय."

"आणि गावात कुणालाच ठाऊक नाही?"

"गावाला वाटतं मी मिरजंत एका बंगल्यावर स्वैपाकाला जाते." ती हसली, पण ते हसू काही टिकलं नाही. "काकी, गेल्या साली धनश्रीचं पलूसला जमलं होतं. याद्या व्हायच्या बाकी होत्या. कुणीतरी जाऊन सांगितलं, आईला किडनीचा रोग हाय, म्हंजे पोरीत बी असणार. आठ दिवसात मोडलं. चार महिने पोरगी माझ्याशी धड बोलली न्हाई. आताचं आष्ट्याचं स्थळ चांगलं हाय. पोरगा सरळ हाय. अक्षता पडूस्तवर त्यांना कळाय नको, एवढंच."

मग ती मुद्द्यावर आली. तिचं माप सव्वादोन. चुड्याच्या दिवशी उजव्या हातात सव्वादोनच्या भरायच्या आणि डाव्यात पावणेतीनच्या, चांगल्या ढळढळीत. डाव्या हातावर दाब बसला तर रक्त थांबतं आणि ती जोडलेली शीर मिटते. आधी उजव्या हाताला जोडून बघितली होती, ती चाललीच नव्हती. डॉक्टरांनी बजावलं होतं, बाई, ही जपा, आता दुसरी जागा सोपी नाही.

"मग मोकळा ठेव की हात."

"नवरीच्या आईचा हात मोकळा? हळदीत? बायका इचारत्याल, काकी."

ते खरंच होतं. मी तिला शब्द दिला. नुसता शब्द नाही, काळिकामातेची आण घेतली. आम्हा कासारांची ती देवी, तिच्या नावानं आम्ही उगाच बोलत नाही.

तेवढ्यात चहा आला. माझी मनगटं सकाळपासून ठणकत होती. मी पाकिटातनं एक गोळी काढली आणि चहाबरोबर टाकली तोंडात. मालन बघत होती.

"ही रोज घेता?"

"रोज कुठं? हंगामात."

"लगीनसराई किती महिने असती?"

"असेल सहा-सात महिने. मग श्रावणात आहे की पुन्हा."

"मी बी असंच म्हनायची," ती म्हणाली. "द्राक्षाच्या बागंत दिवसभर हात वर करून वेली बांधायच्या. मान जायची, कंबर जायची. मेडिकलवाल्याला नुसतं बोट दावलं की गोळी मिळायची. धा वर्सं खाल्ली. त्यात बीपी वाढलेलं, ते कवा बघितलंच न्हाई. बागंत बायकांना आडोसा नसतो, म्हनून पाणी बी पीत नव्हते. डॉक्टर म्हनले, त्या गोळ्यांनी आन बीपीनं तुमच्या किडन्या खाल्ल्या. काकी, एकदा रक्त तपासून घ्या."

"तू चुड्याची वर्दी द्यायला आलीस का डॉक्टरकी शिकवायला?" मी फटकारलं. तिनं उजव्या हाताचं माप दिलं आणि एसटी गाठायला निघून गेली.

गुरुवारी सकाळी मी बोरगावला पोचले तेव्हाच जीव अर्धा झाला होता. आठवड्यातला तो चौथा चुडा. लग्नघरात कासारणीला मान असतो, पाट असतो, ओटी असते. पण परक्या घरी मोरीचा रस्ता विचारायची लाज वाटते, म्हणून घरनं निघताना मी पाण्याला तोंडच लावत नसे. निघताना गोळी मात्र घेतली होती. मालनला दिलेला शब्दही लक्षात होता. पावणेतीनच्या बांगड्यांचा तोडा वेगळ्या फडक्यात बांधून टोपलीच्या तळाशी ठेवला होता.

धनश्रीचा चुडा भरून झाला. पोरगी गोड, हात लोण्यासारखा, बांगड्या आपोआप चढल्या. तेवढ्यात दारात जीप थांबली. आष्ट्याहून उष्टी हळद घेऊन नवऱ्याकडच्या बायका आल्या. पुढं नवऱ्याची आत्या, गजराबाई. अंगानं भरभक्कम, दंडात वाकी, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. आष्ट्याच्या घरात तिच्या शब्दाबाहेर कुणी जात नाही, हे मांडवात बायका आधीच कुजबुजत होत्या. ती आली ती थेट माझ्या टोपलीशेजारी बसली.

"विहीणबाई, या की. तुमचा मान आता," ती मालनला म्हणाली.

मालन येऊन बसली, आजही लांब बाह्यांचंच पोलकं घालून. तिचा चेहरा बघून मी चरकले. मंगळवारी मशीनला जाऊन आली होती, पण शुक्रवारी लग्न, म्हणून पुढची खेप शनिवारवर ढकलली होती. अंगात पाणी साठायला लागलं होतं. पापण्या जड, पावलं सुजलेली. बायका सरबताचे पेले पुढं करायच्या आणि ती ओठाला लावून परत ठेवायची. तिला दिवसाचं पाणी मोजून होतं, पण ते सांगायचं कुणाला?

उजव्या हातात अकरा बांगड्या भरल्या. हात सुजलेला होता, सव्वादोनची बांगडी चढता चढत नव्हती. मी अंगठ्याचं मूळ दाबलं, हाडं जवळ घेतली, साबण लावून एकेक सरकवली. एकही वाढली नाही. आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात.

"हात चांगला हाय हं कासारणीचा," गजराबाई म्हणाली. मी आपली खुललेच.

मग मी डावा हात घेतला, मनगटाचा व्रण दिसू नये म्हणून पालथाच धरला आणि तळातलं फडकं सोडलं. पहिली बांगडी हातात गेली ती घरंगळत खाली आली. गजराबाईनं डोळे बारीक केले.

"हे काय हो? बांगडी म्हनायची का म्हशीच्या गळ्यातलं कडं?"

बायका हसल्या.

"उजव्या हाताला कासारीण आन डाव्या हाताला कोण, बोहारीण बसली का?"

आता मांडव फुटला हसून. धनश्रीसुद्धा हळदीच्या पाटावरनं हसली, तिला काय कल्पना.

"तासगावच्या कासारणीचं लई ऐकलं होतं बाई," गजराबाई सोडायला तयार नव्हती. "वय झालं म्हंजे माप चुकायचंच."

त्या वेळी मी काहीही सांगू शकले असते. हात मुरगळलाय, गळू झालंय, पित्त उठलंय. तोंडाला येईल ते. पण माझं डोकं फिरलं होतं. तीस वर्षांत माझ्या मापाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. सासू म्हणायची, सैल बांगडी भरलीस तर माझं नाव सांगू नकोस कुठं. मनगटं ठणकत होती, पोटात पाण्याचा थेंब नव्हता आणि वीस बायका मला हसत होत्या. मी मनाशी म्हटलं, चार तासांचा प्रश्न आहे. जेवणं होऊ देत, मग कोपऱ्यात घेऊन उतरवते. एवढ्यानं काय होतंय?

मी पावणेतीनची बांगडी काढून टाकली आणि सव्वादोनचा तोडा उचलला.

मालननं माझ्याकडं बघितलं. "काकी," एवढंच म्हणाली.

"हात ढिला सोड," मी म्हटलं आणि तिच्याकडं न बघता भरायला लागले. बोटांना ती भणभण लागत होती. एक, दोन, तीन. दहा बांगड्या भरल्या. मनगटापासून वरपर्यंत घट्ट, मध्ये बोट शिरणार नाही अशा. गजराबाईनं मान डोलावली. भरून झाल्यावर रीतीप्रमाणे मालन पदर धरून माझ्या पाया पडली. मी तिला अखंड सौभाग्यवती भव म्हटलं.

हळद लागली, गाणी झाली, जेवणं उरकली. माझ्या पंगतीत वाढायला मालन दिसली नाही. मी हात धुवायला मागल्या दारी गेले तर न्हाणीच्या दाराआडनं तिनं मला आत ओढलं. तोंडावर हळद आणि हळदीखाली चेहरा पांढराफटक.

"काकी, वाजंना झालंय."

मी तिचा हात कानाला लावला. काही नाही. बोटं दाबून बघितली, काही नाही. बांगड्यांच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलं होतं आणि बोटं गार पडली होती.

"कधीपासनं?"

"पंगत बसायच्या आधी हुतं. बारीक, पण हुतं."

मी साबण घेतला, तेल घेतलं. पहिली बांगडी अंगठ्याच्या मुळापर्यंत आली आणि अडकली. सूज इतकी होती की पुढं सरकायचं नाव नाही. मालननं दात आवळले होते. मी थांबले.

"वाढवायला लागणार," मी म्हटलं.

"न्हाई!" तिनं हात ओढून घेतला. "हळदीच्या अंगानं? नवरीच्या आईचा चुडा? त्या बाईला कळलं तर आत्ता उठून जातील. उद्या साडेबाराला अक्षता हायत. तांदूळ पडू द्या, मग सगळा फोडा."

"आणि तोवर शीर मिटली तर?"

"मिटू दे."

"मिटू दे म्हणजे? मशीन कुठं लावणार मग?"

"मानंत नळी घालत्यात. तिच्यात जंतू धरतो. आमच्या वॉर्डातली एक बाई दोन महिन्यात गेली त्यानं." हे तिनं बाजारातला भाव सांगावा तसं सांगितलं. मग म्हणाली, "मी लई दमले, काकी. पहाटंची एसटी, चार तास मशीन, परत आलं की स्वैपाक, आन वर खोटं बोलायचं. पोरीचं होऊ दे. माझं काय व्हायचं ते होऊ दे."

मला रडू फुटलं. दमले तर मीही होते, पण माझ्या दमण्यानं तिचा जीव धोक्यात घातला होता. धुणं वाळत होतं त्यातलं एक जाड फडकं ओढलं, तिचा हात मांडीवर दाबून धरला, फडकं गुंडाळलं आणि तांब्याच्या काठानं पहिली बांगडी वाढवली. तिनं दुसऱ्या हातानं तोंड दाबून घेतलं. दुसरी. तिसरी. ओठ माझे पुटपुटत होते, काय ते मलाच कळत नव्हतं.

सहावी वाढवली आणि न्हाणीचं दार ढकललं गेलं. हळदीचे हात धुवायला गजराबाई आली होती.

तिनं आधी फडकं बघितलं, मग जमिनीवरची हिरवी काच.

"अगं आई गं! हळदीच्या दिवशी सवाष्णीचा चुडा फोडताय? डोकं फिरलं का तुमचं?"

"काचेत खोट निघाली," मी म्हटलं. "हाताला लागत होत्या म्हणून…"

"खोटं बोलू नका." ती वाकली आणि तिनं मालनच्या हातावरचं फडकं बाजूला केलं. लांब बाही कोपराच्या वर गेली होती. सुयांच्या जागी उठलेल्या गाठी, जुने काळे डाग, मनगटावरचा टाक्यांचा व्रण. गजराबाई बघतच राहिली.

मालन न्हाणीच्या दगडावर बसली. वाटलं आता ही काहीतरी रचून सांगेल. पण तिच्यात तेवढंही बळ उरलं नव्हतं.

"माझ्या किडन्या गेल्यात, अक्का," ती म्हणाली. "मशीनवर जगते मी. ह्या हाताला मशीन लावत्यात. तुमच्यापासनं लपवलं, ही माझी चूक. मोडायचं असंल तर मोडा. पण पोरीत काय बी न्हाई. तिला नाव ठिवू नका."

बाहेर बायका गाणं म्हणत होत्या. गजराबाईनं माझ्याकडं बघितलं, काचेकडं बघितलं, पुन्हा त्या हाताकडं.

"मिरजंला किती वेळ लागतो?"

"तासभर," मी म्हटलं.

"मग बसलाय काय? राहिलेल्या काढा पटापट. आमची जीप हाय दारात."

मांडवात तिनंच सांगितलं, विहीणबाईंना चक्कर आली, बीपी वाढलंय, दाखवून आणतो. मालनचे मालक संपतराव पुढं ड्रायव्हरशेजारी बसले, आम्ही तिघी मागं. मालन माझ्या खांद्यावर डोकं टाकून डोळे मिटून पडली. तासगाव मागं पडलं.

"तुम्हाला ठावं हुतं?" गजराबाईनं मला विचारलं.

"हो."

"म्हनून त्या सैल आणल्या हुत्या?"

"हो."

"मग घट्ट भरल्या कशाला?"

"तुम्ही हसलात म्हणून."

ती खिडकीबाहेर बघायला लागली. मीही. तुम्ही हसलात म्हणून! पन्नाशीची बाई मी, आणि उत्तर पोरासोरासारखं. पण खरं तेच होतं.

दवाखान्यात मालनला तडक आत नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण मालनला नावानं ओळखत होत्या. म्हणाल्या, शिरेत गुठळी धरलीय, लवकर आणलंत म्हणून काढून बघता येईल, उद्या आणला असता तर हात लावला नसता. त्या आत निघाल्या तशी गजराबाईनं त्यांना दारातच अडवलं.

"बाई, मला एक खरं सांगा. हे पोरीत उतरतं का?"

"काही किडनीचे आजार घराण्यात उतरतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यांचा त्यातला नाही. वेदनेच्या गोळ्या आणि वाढलेलं ब्लडप्रेशर. वेळेवर कळलं असतं तर इथवर आलंच नसतं. मुलीनं वर्षातनं एकदा बीपी, रक्त आणि लघवी तपासावी. तुम्हीही तपासा."

"मला काय झालंय?"

"यांनाही काही झालं नव्हतं, आठ वर्षांपूर्वी," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

आम्ही बाकावर बसलो. संपतराव दाराशी उभे होते ते उभेच. बाकावर आणखी चार-पाच माणसं होती, कुणाचा नवरा आत, कुणाचा भाऊ. सगळ्यांच्या तोंडावर एकच कळा. एक बाई डब्यातलं जेवण पुढं करून म्हणाली, खा थोडं, इथं असंच बसायचं असतं. गजराबाईनं पिशवीतनं मोबाइल काढला, बाहेर व्हरांड्यात गेली. मला तिचं तुटक तुटक ऐकू येत होतं. "दादा, मी बोलते… न्हाई, डॉक्टरला मी स्वतः इचारलंय… पोरीत काय न्हाई… लपवलं, हो, मला बी राग आलाय, उद्या तोंडावर बोलीन तिला… पण आपली मंगल असती तर आपण काय केलं असतं, सांग की…" मग बराच वेळ ती नुसती ऐकत होती. माझा जीव टांगणीला लागला होता, आत एक शीर आणि बाहेर एक लग्न.

ती परत आली, धप्पकन बसली. "होतंय लगीन," म्हणाली. "चुड्याचं मी बोलले न्हाई. ते आपल्या तिघींत ऱ्हाऊ दे."

दिवस मावळताना दार उघडलं. मालनला मशीन लावलं होतं. आम्हाला एकेकीला आत सोडलं. मी गेले, तिनं डोळ्यानंच हाताकडं खूण केली. पट्टीच्या वर, कोपराजवळ मी हलकंच बोट ठेवलं. बारीक, अगदी बारीक, पण भणभणत होतं. मी तिथंच पलंगाचा गज धरून रडले. ती बिचारी मलाच समजावत होती.

"सिस्टर," ती म्हणाली, "ह्या काकींचं बी रक्त घ्या. गोळ्या खात्यात ह्या."

माझ्यात नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. रक्त दिलं, बीपीही मोजलं, ते वाढलेलंच निघालं. चिठ्ठी दुसऱ्या दिवशी मिळाली. रक्तातला कचरा मोजतात ते क्रिएटिनिन, एक पॉइंट सात पाच. म्हणजे पावणेदोन, आमच्यात ते लहान पोरींचं माप. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, निम्म्याच्या वर काम गेलंय, उरलंय ते राखायचं असेल तर आजपासून ती गोळी बंद, बीपीचं औषध चुकवायचं नाही आणि कामावर पाणी प्यायचं. मोरी कुठं आहे ते लाज सोडून विचारायचं.

लग्न साडेबाराला लागलं. मालन सकाळी दवाखान्यातनं थेट मांडवात आली. डावा हात पट्टीत. मी तिच्या उजव्या हातात आणखी दहा भरल्या, एका हातात एकवीस. बायका बघायला लागल्या तशी गजराबाई कडाडली, "मशीनवर असती ती, त्या हातात भरायच्या नसत्यात. कुणाला काय इचारायचं ते मला इचारा." कुणी विचारलं नाही.

मालन त्यानंतर नऊ वर्षं जगली. शुक्रवारी मी दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर जायची. तो बाक मला घरच्यासारखा झाला. नवीन कुणी आलं की मालन मशीनवर पडल्या पडल्या सांगायची, पाणी मोजून प्या, शहाळं पिऊ नका, भेटायला येणारे आणतील पण तुम्हाला ते विष आहे, ह्या हातावर बीपी मोजू देऊ नका, पिशवी अडकवू नका. मी काही सांगायची नाही. मी फक्त बसायची. मी काय केलं होतं ते तिनं कधी तोंडातनं काढलं नाही. मला बोलली असती तर बरं झालं असतं.

मग एका सकाळी धनश्रीचा फोन आला. "काकी, आई गेली. चुडा घेऊन या."

सवाष्ण गेली की हिरवा चुडा भरून पाठवायची रीत. मी टोपली भरली, दोन्ही मापं घेतली. मालनला सोप्यात निजवलं होतं, नवं लुगडं, मळवट भरलेला. संपतराव बाहेर भिंतीला टेकून बसले होते. उशाशी गजराबाई होती, आता काठी घेऊन चालायची. मी उजवा हात भरला. मग डावा मांडीवर घेतला आणि सवयीनं कानाला लावला. किती वेळ लावून बसले कोण जाणे.

"काकी, सव्वादोनच्याच भरा," मागनं कुणीतरी बाई म्हणाली. "आता काय त्रास व्हायचाय तिला?"

माझा हात टोपलीत घुटमळला. गजराबाईनं काठी बाजूला ठेवली. ती पुढं वाकली, तळातलं फडकं तिनं स्वतः सोडलं आणि पावणेतीनचा तोडा माझ्या हातात दिला.

दहाच्या दहा सैल भरल्या. भरून झाल्यावर जिनं भरून घेतलं तिनं कासारणीच्या पाया पडायचं असतं. मी उठले आणि मालनच्या पाया पडले.